प्रतिभा मौले यांची हजेरी

प्रतिभा मौले यांना मी ओळखतो, असं मला सहा वर्षं वाटत होतं. आमच्या कॉलेजात कुणाचा सत्कार असला, कुणाची जयंती असली, की हार त्यांच्याकडून यायचे. मखमलाबादच्या पुढे त्यांचा दीड एकराचा मळा आहे. शेवंती, झेंडू, बांधाला निशिगंध. पहाटे गणेशवाडीच्या फुलबाजारात माल उतरवायचा आणि तिथून आमचे हार स्कूटीला अडकवून आणायचे, हा त्यांचा क्रम. हार ओल्या फडक्यात गुंडाळलेले असायचे. ठेवण्याआधी त्या पदराने टेबल पुसायच्या आणि मी दर वेळी म्हणायचो, "अहो, राहू द्या." वय चाळिशीला आलेलं, अंगाने काटक, बोलणं मोजकं आणि तिखट. एवढीच माझी ओळख.

त्या कॉलेजच्या कार्यालयात मी चौतीस वर्षं काढली. आता अधीक्षक आहे, मेअखेरीस निवृत्त होईन. कार्यालयातल्या माणसाला सगळे भाऊसाहेब म्हणतात. माझं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. शिक्षण बी.कॉम. कागद जिथल्या तिथे, प्रत्येक फाईलला अनुक्रमणिका, रबरी शिक्का पुसून डबीत. नव्या कारकुनांना माझ्या टेबलाचं उदाहरण देतात. याचा मला अभिमान होता, ते आधीच सांगून टाकतो.

गेल्या ऑगस्टमध्ये तत्त्वज्ञान विभाग अडचणीत आला. पदवीच्या मुख्य विषयाला आता मेजर म्हणतात. पहिल्या वर्षाला मेजर घेणारे पंधरा नसतील तर तो विषय बंद, असा आमच्या संस्थेचा नियम. तत्त्वज्ञानाला बारा होते आणि त्यातले निम्मे भूगोल मिळाला नाही म्हणून आलेले. विभागात प्राध्यापक एकच, महेश गायखे सर. पळसे गावचे, शेतकऱ्याच्या घरातले, अकरा वर्षं तासिकांवर काढून नुकतेच कायम झालेले. कार्यालयात त्यांच्या विषयाची थट्टा चालायची. आमचा शिपाई मंगळू म्हणायचा, "तत्त्वज्ञान शिकलं की नोकरी एकच, गायखे सरांची. आणि सर तर अजून वीस वर्षं हलत नाहीत." सगळ्यात मोठ्याने मी हसायचो.

पण विभाग बंद पडला असता तर त्याच्या पत्रव्यवहाराचा डोंगर माझ्याच टेबलावर आला असता. निवृत्तीच्या वर्षात मला तो नको होता. म्हणून बारावी झालेली ओळखीची तीन माणसं गाठली आणि त्यांचे प्रवेश नुसते कागदावर करून घेतले. गायखे सरांना हे माहीत होतं. ते खाली मान घालून बरं म्हणाले. त्या तिघांतलं तिसरं नाव प्रतिभाताईंचं.

"ताई, तुमची बारावी झालीय ना?" मी विचारलं.

"झालीय की. आर्ट्स, बासष्ट टक्के. का? शिपायाची जागा निघाली का?"

"नाही हो. एक फॉर्म भरायचा. वर्गात यायचं नाही, अभ्यास करायचा नाही. फीचं आम्ही बघतो."

"विषय कोणता?"

"तत्त्वज्ञान."

"त्यात काय असतं?"

"काही नसतं."

"काही नसतं, तर कॉलेजात ठेवलंय कशाला?" असं म्हणून हसत हसत त्यांनी सही केली.

फॉर्मवर घेतली तशी आणखी एका कोऱ्या कागदावर मी त्यांची सही घेतली. ही आमच्याकडची जुनी पद्धत. पुढे कधी हमीपत्र लागतं, कधी विनंती अर्ज लागतो. दर वेळी माणसाला बोलावत बसायला नको, म्हणून सही केलेला कोरा कागद फाईलला लावून ठेवायचा. "हा कशाला?" त्यांनी विचारलं. "असू द्या," मी म्हणालो. भाऊसाहेब म्हणतात म्हणजे असेल काहीतरी, असं त्यांना वाटलं असणार.

सप्टेंबरअखेर संस्थेने मोजणी केली. पंधरा भरले, विभाग वाचला. ऑक्टोबरात तीन मुलं दुसऱ्या कॉलेजातून बदलून आली आणि त्यांनी तत्त्वज्ञान घेतलं, तेव्हा कागदावरच्या नावांची गरज उरली नाही. अशी नावं तशीच ठेवली की ती परीक्षेला गैरहजर दिसतात आणि विभागाचा निकाल खाली येतो. म्हणून एका दुपारी मी तिन्ही फाईली काढल्या. तिन्ही कोऱ्या कागदांवर, सहीच्या वर, माझ्या अक्षरात लिहिलं, 'घरगुती अडचणीमुळे मला शिक्षण चालू ठेवणे शक्य नाही, तरी माझा प्रवेश रद्द करावा.' मग संगणकावर तिन्ही प्रवेश रद्द केले. अर्ध्या तासाचं काम. त्या तिघांना कळवलं नाही, सरांनाही नाही. जे वर्गात येतच नाहीत त्यांचं काय कळवायचं?

गायखे सरांचा तास सकाळी साडेसातला, ग्रंथालयामागच्या खोलीत असतो. मी साडेदहाला येतो. महिन्याच्या शेवटी सर हजेरीपत्रक माझ्या टेबलावर आणून ठेवतात. आधीच्या महिन्यांची पत्रकं मी नावं न पाहताच फाईलला लावली होती. नोव्हेंबरच्या पत्रकावर ऑगस्टच्या छापील यादीतली नावं तशीच होती. 'मौले प्रतिभा वाळू' या नावापुढे लिहिलं होतं, सत्रातल्या एकेचाळीस तासांपैकी एकोणचाळीस. अख्ख्या वर्गात सगळ्यात जास्त. माझ्या नजरेतून ते सुटलं असं मी म्हणू शकत नाही. मी ते पाहिलं, आणि मनात म्हणालो, सर शिकले एकदाचे. न येणाऱ्यांना हजर दाखवायला शिकले. पत्रकाच्या कोपऱ्यात तपासल्याची खूण केली आणि ते फाईलला लावलं.

डिसेंबरात, परीक्षेच्या आधीच्या मंगळवारी, प्रतिभाताई कार्यालयात आल्या.

"भाऊसाहेब, सगळ्यांची हॉल तिकिटं आली. माझं नाही आलं."

"तुमचं कशाला?" मी हसलो.

"सोमवारी पेपर आहे ना."

तेव्हा मी नीट पाहिलं. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. काखेत दोनशे पानी वही, तिच्या कडा झेंडूच्या हातांनी पिवळ्या झालेल्या. मी त्यांना बसायला सांगितलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

"मी येणार नव्हतेच," त्या म्हणाल्या. "ओळखपत्र हातात आलं. म्हटलं फोटो काढलाय, कार्ड दिलंय, एक दिवस बसून तर बघू. बाजारातून मोकळी होते सातला, रस्त्यातच कॉलेज. सरांनी विचारलं, डोळ्यांना दिसतं ते सगळं खरं असतं का? पोरं गप्प. मी म्हटलं, पहाटे बाजारातल्या पिवळ्या दिव्याखाली पिवळा झेंडू आणि केशरी झेंडू एकसारखा दिसतो. नवा व्यापारी फसतो. जुना उजाडायची वाट बघतो. सरांनी फळ्यावर लिहिलं ते. माझं बोलणं फळ्यावर लिहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग येत राहिले."

"आणि घरी?"

"सासूबाई माझ्या वाटचे हार ओवतात सकाळी. परीक्षेपर्यंत, असं ठरलंय. या परीक्षेत पास झाले तर पुढं शिकायचं, नाहीतर वही ठेवून द्यायची."

मला त्याच क्षणी सांगता आलं असतं. मी संगणकाकडे पाहत राहिलो आणि म्हणालो, "ऑनलाइन काहीतरी घोळ दिसतोय. बघतो."

बुधवारी मी गायखे सरांना गाठलं. रद्द प्रवेशाचं बोललो नाही, नुसतं विचारलं, "मौले बाई खरंच येतात?" सर खुर्चीतून उठले. मग त्यांनी कपाटातून एक ट्यूटोरियल काढून माझ्या हातात दिलं. डोंगरावर धूर दिसला तर तिथे विस्तव असणार, हे अनुमानाचं जुनं उदाहरण त्यांनी वर्गात दिलं होतं. त्याखाली ताईंनी मोठ्या, सुट्या अक्षरात लिहिलं होतं:

'आमच्याकडे कडाक्याच्या थंडीत पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. धूर खालीच बसतो. त्याच वेळी पाण्याकडून धुकंही येतं. रस्त्यावरून दोन्ही सारखंच दिसतं. रस्त्यावरचा माणूस म्हणतो, विस्तव आहे. आपण चुकलो हे त्याला कधीच कळत नाही, कारण तो बागेत उतरत नाही.'

"इतकी वर्षं शिकवतोय," सर म्हणाले, "असं उत्तर मला मिळालं नव्हतं. मलाही आधी वाटलं होतं की हे नुसतं नाव. लाज वाटायची मला त्या यादीची. पण तुम्हीच त्यांना आणलंत, भाऊसाहेब. तुमचे आभार मानायचे राहूनच गेले."

मी ते कागद त्यांच्या हातात परत दिले आणि जिना उतरलो.

रद्द झालेला प्रवेश पूर्ववत करायला शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत मुदत होती. मार्ग दोन. विद्यार्थ्याने लिहून द्यायचं की मी चुकून अर्ज दिला. किंवा कार्यालयाने प्राचार्यांच्या सहीने कळवायचं की चूक कार्यालयाची आहे. दुसऱ्या मार्गात माझं नाव येत होतं, आणि कोऱ्या कागदावरच्या सह्याही निघाल्या असत्या. एक नाही, फाईलोफाईली. गुरुवारी मी ताईंना बोलावून त्यांचा तो अर्ज समोर ठेवला आणि तयार मजकूरही ठेवला. "इथे फक्त सही करा. मी चुकून अर्ज दिला, एवढंच आहे."

त्यांनी अर्ज वाचला. दोनदा वाचला.

"सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "अक्षर तुमचं आहे."

"हो, म्हणजे तेव्हा गरज होती..."

"घरगुती अडचण कोणती हो माझी?"

"तसं लिहायची पद्धत असते, ताई."

"मी हा अर्जच दिला नाही. मग चुकून दिला असं कसं लिहू?"

"एका सहीचा प्रश्न आहे. वर्ष जाईल तुमचं."

"मागच्या वेळीही एका सहीचाच प्रश्न होता, भाऊसाहेब."

मंगळू दारात उभा होता, तो मुकाट्याने बाहेर गेला. मी समजावत राहिलो. नियम, मुदत, व्यवहार. शेवटी म्हणालो, "तत्त्वज्ञान वर्गात ठीक आहे हो. कार्यालयात असं चालत नाही." हे वाक्य मी बोललो. त्यांनी माझ्याच टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि लिहिलं, 'मी प्रतिभा वाळू मौले. ऑगस्टमध्ये मी कोऱ्या कागदावर सही करून दिली. ती माझी चूक आहे. प्रवेश रद्द करण्याचा अर्ज मी लिहिला नाही. मी रोज वर्गात येते.' अगदी वरच्या कडेपासून, मध्ये कुठेही जागा न सोडता लिहून, शेवटच्या शब्दाला चिकटून सही केली.

"माझ्या वाटचं खरं एवढंच आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या वाटचं तुम्ही लिहा. होईल ना काम?"

"ठेवून जा," मी म्हणालो. "करतो."

शुक्रवारी सकाळी मी पत्र लिहिलं. पाच ओळींचं, खरं. प्राचार्य चार वाजेपर्यंत त्यांच्या केबिनमध्ये होते, माझ्या टेबलापासून वीस पावलांवर. अकरा वाजता मला वाटलं, त्यांच्याकडे पाहुणे आहेत. एक वाजता वाटलं, जेवत असतील. तीन वाजता मी उठलो, पत्र हातात घेतलं, आणि निवृत्तीचे कागद आठवले. समजा चौकशी लागली, समजा पेन्शन अडली, आणि घरी विचारलं, कुणासाठी केलंत हे? हारवाल्या बाईसाठी? हा शब्द माझ्याच मनात आला, दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालत नाही. मी पत्राची घडी घातली आणि ताईंच्या कागदासह खणात ठेवली. पाच वाजले. सव्वापाचला त्यांचा फोन आला.

"झालं का, भाऊसाहेब?"

"सोमवारपर्यंत कळेल," मी म्हणालो.

सोमवारी मी आयुष्यात पहिल्यांदा सात वाजता कॉलेजात गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. जायला नको होतं किंवा शुक्रवारीच प्राचार्यांकडे जायला हवं होतं. प्रतिभाताई इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. हातात पॅड, दोन पेनं, पाण्याची बाटली. व्हरांड्यातल्या बैठक व्यवस्थेच्या यादीवर त्या वरून खाली बोट फिरवत गेल्या, मग खालून वर. पर्यवेक्षक बाईंनी काहीतरी सांगितलं. ताईंनी ओळखपत्र पुढे केलं. बाईंनी मान हलवली. घंटा झाली, मुलं आत गेली, दार लोटलं गेलं. त्या तिथेच बाकावर बसल्या, पॅड मांडीवर घेऊन. खिडकीमागे मी होतो. अर्ध्या तासाने गायखे सर येऊन त्यांच्या शेजारी बसले. मी दार उघडून बाहेर गेलो नाही.

प्राचार्य आल्याबरोबर मी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा काढला. "आता याचा काय उपयोग? पेपर झाला. पाच-सहा महिने राहिलेत तुमचे. नीट घरी जा." पत्र माझ्याकडे सरकवलं. चौतीस वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली आहे. ज्या पत्रावर आवक क्रमांक पडतो ते गिळता येत नाही. मी ते मंगळूकडून आवक नोंदवहीत नोंदवून घेतलं, त्याला ताईंचा कागद जोडला, आणि पुन्हा प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलं. चौकशी होईल ती होईल. पण हे करताना मला धीर आला असं कुणी समजू नये. शुक्रवारी तीन वाजता जे पत्र एका माणसाच्या उपयोगाचं होतं, ते सोमवारी फक्त माझ्या समाधानाचं उरलं होतं.

रविवारी मी मखमलाबादला गेलो. मळ्यात ताई शेवंती खुडत होत्या. बांधावर त्यांच्या सासूबाई, ठमाबाई, मांडीवर फुलं घेऊन बसल्या होत्या.

"तुमीच का ते भाऊसायब?" ठमाबाई म्हणाल्या. "लय शिकलेलं मानूस म्हनं."

मी चपला काढून बांधावर आलो.

"सोमवारी सून घरी आली. म्हनलं, नापास झाली का काय? तर म्हनती, आत्या, नापास व्हायला तरी आत बसावं लागतं."

ताईंनी खुडणं थांबवलं नाही. मी सरीच्या टोकाला उभं राहून सगळं सांगितलं. शुक्रवारी पत्र लिहून झालं होतं, ते खणात होतं, प्राचार्य केबिनमध्ये होते, हेही सांगितलं.

"एक विचारू?" ताई म्हणाल्या. "प्रवेश काढलात ऑक्टोबरात. मी येत नसेन असं वाटलं असेल, ते समजते. पण हजेरी येत होती ना तुमच्याकडं?"

"येत होती."

"त्यात माझं नाव होतं?"

"होतं. एकेचाळीसपैकी एकोणचाळीस."

"मग?"

मी म्हणालो, "मला वाटलं, सरांनी खोटी लावली असेल."

त्यांचा हात थांबला. "म्हणजे मी खरोखरच बसत असेन, असं तुमच्या मनात एकदाही आलं नाही?"

"नाही," मी म्हणालो. "एकदाही नाही."

माफी मागायला म्हणून मी शब्द जुळवून आणले होते, पण ते त्या उत्तरानंतर बोलता येण्यासारखे राहिले नाहीत. ताई माझ्याकडे पाहत होत्या. राग असता तर बरं वाटलं असतं. आपण ओळखत होतो तो माणूस हाच का, असं काहीसं त्या पाहण्यात होतं.

ठमाबाई बांधावरून म्हणाल्या, "परीक्षा बुडली ती तिच्या पायी नाय बुडली. जूनात परत नाव घाल म्हनलंय मी तिला. हात चालतेत तवर हार ओवीन."

"जूनमध्ये फॉर्म भरायला येईन," ताई म्हणाल्या. "पुन्हा पहिल्यापासून." मग विचारलं, "तेव्हा तुम्ही असाल का कार्यालयात?"

"नाही. मेअखेरीस निवृत्त होतोय."

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि वाकून पुढच्या सरीला लागल्या.